असेंबल्ड कॉम्प्युटर: पैसे मोजण्याआधी पार्ट जुळवून बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की पार्ट बऱ्याचदा तीन दिशांनी येतात: काही गावातल्या दुकानातून, काही कोल्हापूर-पुण्याहून, उरलेले ऑनलाइन. जीएसटी कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखाच १८ टक्के, त्यामुळे करात काही वाचत नाही. उलट न बसणारा मदरबोर्ड (बाकी सगळे पार्ट ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड) परत करायला कोल्हापूर गाठायचं तर एक दिवस मोडतो. म्हणून आधी सगळी यादी कागदावर जुळवा.

प्रोसेसर ठरला की त्याचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची त्याची बैठक, ठरतं, आणि मदरबोर्ड त्याच सॉकेटचा लागतो. इंटेलच्या १२व्या, १३व्या, १४व्या पिढीला एलजीए १७००, कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. एएमडीच्या रायझन ५६०० ला एएम४, ७६०० ला एएम५. पण सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. इंटेलसाठीच्या बी६६० बोर्डावर १४व्या पिढीचा किंवा एएमडीसाठीच्या बी६५० वर रायझन ९००० चा प्रोसेसर व्यवस्थित बसतो, तरी बोर्डातलं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलंच सॉफ्टवेअर) जुनं असेल तर स्क्रीन काळीच राहते. दुकानात बराच काळ पडून असलेल्या बोर्डाला हा धोका जास्त. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची सीपीयू सपोर्ट यादी असते; आपल्या प्रोसेसरसमोर कोणतं बायोस लिहिलंय ते बघा आणि बिल करण्याआधी दुकानदाराकडून अपडेट करून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घ्या. त्यात प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून अपडेट होतं.

नावातलं शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलमध्ये ‘एफ’ असेल तर आतलं ग्राफिक्स नाही. रायझन ५६०० ला नाही, ५६००जी ला आहे. टॅली आणि डीटीपीपुरतं मशीन हवं असेल तर ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, वेगळ्या कार्डाचा खर्च करू नका.

रॅममध्ये फसगत होते ती इंटेलसाठीच्या बी७६० बोर्डांवर. जवळपास सारख्याच नावाचा बोर्ड डीडीआर४ या जुन्या प्रकारच्या रॅमचाही मिळतो आणि डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमचाही. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून काही उपयोग नाही, स्लॉट मात्र तुटेल. एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. १६ जीबी हवी तर ८-८ च्या दोन कांड्या एकाच पॅकमधल्या घ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या बहुतेकदा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. नंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगानेच चालत राहते.

एसएसडी एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावरच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान, घ्या. काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की एखाददुसरा साटा पोर्ट (वायरने डिस्क जोडायची जागा) बंद पडतो. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं.

कॅबिनेटच्या बाबतीत तीन मापं बघायची: बोर्डाचा आकार (मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ मिमी), ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची. १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर बऱ्याचदा १५५ मिमीच्या आसपास असतो, अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यावर लागत नाही. कार्डाची लांबी मोजताना पुढच्या पंख्यांची जाडी वजा करा.

एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, कंजूषी नको. रायझन ७६०० भरात ८८ वॅट खातो, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५, बाकी पार्टांचे ५०-६० धरा; म्हणजे साधारण २६० वॅट. एनव्हिडिया या कार्डाला ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, तेवढा नावाजलेल्या कंपनीचा घ्या. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीच लावू नका: टोक बसतं, पण पिनांचा क्रम वेगळा असतो आणि डिस्क जळते.

यूपीएसचा हिशोबही इथेच करा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. वरच्या मशीनला मॉनिटर जोडून गेम चालू असताना हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाइट गेली, तर तो अगदी काठावर येतो; १००० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर सावरणारा) घ्या. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट असतं, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर एसएमपीएस बदलत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लगसोबत लॅनची वायरही काढा.

सगळं जोडून झालं आणि डिस्प्ले आला नाही तर आधी दोन गोष्टी तपासा: प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर लावली आहे का, आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डाऐवजी ग्राफिक्स कार्डाला आहे का. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना मशीन रॅम तपासत काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवू शकतं. तेवढ्यात पॉवर बटण दाबू नका.