कास्ट आयर्न बुलेट : एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला बसवण्यापूर्वी

जुन्या, ओतीव लोखंडी (कास्ट आयर्न) ब्लॉकच्या बुलेटच्या कामाकडे व्यवसाय म्हणून वळू पाहणारी मुले भेटतात, तेव्हा त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : पाचशे सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, साडेतीनशे सीसीच्या इंजिनाला बसतो का? प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. ब्लॉक एकटा कधीच बसत नाही. त्याच्या खाली क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा खोका असतो, आत पिस्टन असतो, वर हेड असते, बाजूने व्हॉल्व उघडणाऱ्या काड्या, म्हणजे पुशरॉड जातात, आणि यांपैकी प्रत्येकाचे माप दुसऱ्याच्या मापाला बांधलेले असते. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून मी कोल्हापुरात या कामाला लागलो, आणि तेव्हापासून जे शिकलो ते याच एका गोष्टीभोवती फिरते : सुटा भाग बदलायचा नसतो, एकमेकांना लागून असलेल्या भागांचा संच बदलायचा असतो, आणि तो संच कुठे सुरू होतो व कुठे संपतो हे ओळखणे हेच खरे कौशल्य आहे.

बुलेट या अभ्यासासाठी फार चांगले वाहन आहे, कारण तिचा मूळ आराखडा दीर्घकाळ टिकला. १९५५ मध्ये मद्रासला बुलेट तयार होऊ लागली. त्यानंतर इंग्लंडमध्ये रेडिचच्या कारखान्याने आपल्या बुलेटमध्ये बदल करत नेले, पण मद्रासने १९५५ची रचना पुढे कित्येक वर्षे जवळपास तशीच चालू ठेवली. त्यामुळे एखाद्या जाणकाराकडून साठीच्या दशकातल्या ब्रिटिश बुलेटचा भाग मिळाला, तर तो आपल्या भारतीय इंजिनाला लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. उलट १९५५ची आणि ऐंशीच्या दशकातली भारतीय बुलेट एकमेकींना अधिक जवळच्या असतात. वय पाहू नका, वंश पाहा, असे मी नवशिक्यांना सांगतो.

आता मूळ मापे पाहू. साडेतीनशेचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिलिमीटर आहे, त्यातून ३४६ सीसी मिळतात. पाचशेचा बोअर ८४ मिलिमीटर आहे आणि स्ट्रोक तोच ९०, त्यातून ४९९ सीसी होतात. स्ट्रोक सारखा असल्यामुळे नवशिक्याला वाटते की खालचे इंजिन तसेच ठेवून वर फक्त मोठा ब्लॉक चढवला की काम झाले. प्रत्यक्षात पाचशेच्या ब्लॉकचा जो भाग क्रँककेसच्या तोंडात उतरतो, तो साडेतीनशेच्या तोंडापेक्षा मोठा असतो, म्हणून साडेतीनशेची क्रँककेस लेथवर किंवा बोअरिंग यंत्रावर बांधून तोंड मोठे करावे लागते. तोंड मोठे केले की स्टडच्या भोवतालची धातूची भिंत पातळ होते. या इंजिनाचा तेलसाठा क्रँककेसच्याच ओतकामात सामावलेला असल्याने, नेमके किती कापायचे हे कापण्यापूर्वी कागदावर रेखाटून पाहिलेच पाहिजे.

तोंड मोठे करून ब्लॉक बसला तरी काम अर्धेच झालेले असते. पाचशेचा पिस्टन जड असतो, आणि फ्लायव्हीलमध्ये त्याच्यासमोर ठेवलेले संतुलनाचे वजन साडेतीनशेच्या हलक्या पिस्टनसाठी ठरवलेले असते. हे वजन न जुळवता गाडी चालवली, तर ती चालते, पण एका विशिष्ट वेगाला हँडल आणि पायटे थरथरतात, नट सैल होतात आणि मेन बेअरिंगवर भार येतो. म्हणून क्रँक उघडणे, नवा कनेक्टिंग रॉड आणि पिन घालणे, वजन जुळवणे, पुन्हा दाबून बसवणे आणि दोन केंद्रांमध्ये धरून डायल गेजने रनआउट, म्हणजे फिरताना होणारे डुलणे, पाहणे, हा सगळा भाग ब्लॉकच्या बदलाचाच भाग मानावा लागतो. कास्ट आयर्न बुलेटच्या रॉडच्या मोठ्या टोकात तरंगता बुश असतो. त्याला रोलर बेअरिंगचा पर्यायही बाजारात मिळतो, पण तेलाच्या दाबाची गरज दोन्हींना सारखी नसते, त्यामुळे हा निर्णयही तेलपंपाचा विचार करूनच घ्यावा.

हेडविषयी एक हिशेब प्रत्येक नवशिक्याने स्वतः करून पाहावा. साडेतीनशेचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ६.५ धरले, तर ३४६ भागिले ५.५ (६.५ वजा १), म्हणजे ज्वलनकक्षात सुमारे ६३ घनसेंटिमीटर जागा असते. वेगळ्या पिस्टनचा माथा किंवा तासलेले हेड यांमुळे त्यातली फक्त ८ घनसेंटिमीटर जागा कमी झाली, तर कॉम्प्रेशन सुमारे ७.३ होते. एवढा फरक इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलायला भाग पाडतो. कक्ष ब्युरेटने तेल भरून मोजता येतो आणि पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती ठेवून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून, व्हॉल्व आणि पिस्टन यांच्यात किती अंतर उरते तेही दिसते. कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय होणारी ही तपासणी वगळून हेड कधीही घट्ट करू नये.

मापे सारखी म्हणजे भाग सारखे, या समजुतीचा सर्वांत मोठा फटका पिढ्यांच्या सीमेवर बसतो. ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या साहाय्याने तयार झालेले लीन बर्न (कमी इंधनाचे मिश्रण जाळणारे) इंजिन आणि २००८ पासून आलेले यूसीई, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेले इंजिन, या दोन्हींच्या साडेतीनशेचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० हाच आहे. पण लीन बर्नचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आणि यूसीईमध्ये व्हॉल्वची जागा आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तर कास्ट आयर्नमध्ये पुशरॉड हाताने जेमतेम मोकळा फिरेल एवढी जागा ठेवून, इंजिन थंड असताना टॅपेट लावावे लागतात. ओतीव लोखंडाचा प्रसरणांक अंशाला सुमारे ११ दशलक्षांश आणि ॲल्युमिनियमचा सुमारे २३ दशलक्षांश असतो. म्हणजे ८४ मिलिमीटरचा व्यास १०० अंशांनी तापला, तर लोखंड सुमारे ०.०९ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियम सुमारे ०.१९ मिलिमीटर वाढते. लोखंडी ब्लॉकमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन किती सैल ठेवायचा, आणि तोच पिस्टन ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ठेवताना मूळ अंतर का चालत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मोठ्या पिढीबदलाच्या पलीकडून सुटे हेड किंवा सुटा ब्लॉक आणण्याचा आग्रह ग्राहक धरू लागला, तर मी नम्रपणे नकार देतो.

त्या मानाने गिअरबॉक्स उदार आहे. कास्ट आयर्न इंजिनाच्या मागे तो स्टडवर वेगळा बसतो, त्यामुळे तो इंजिन न उघडता उतरवता येतो. चार गिअरच्या पेटीचा गिअर उजव्या पायाला आणि न्यूट्रल फाइंडरची, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये आणणारी, काडी त्याच्या शेजारी. पाच गिअरच्या पेटीचा गिअर डाव्या पायाला. पाच गिअरची पेटी बसवायची, तर गिअरचा दांडा प्रायमरी केसमधून बाहेर येतो, म्हणजे केस, क्लच आणि ब्रेकच्या पायट्याची बाजू हे सगळे संचात आले. इंजिन पाचशेचे झाल्यावर पुढच्या स्प्रॉकेटला १६ ऐवजी १७ दाते देणे सोपे असते, आणि त्याने गाडी त्याच वेगाला सुमारे ६ टक्के कमी फेऱ्यांवर चालते.

कार्ब्युरेटर हा या संचाचाच भाग आहे. साडेतीनशेला २४ मिलिमीटरचा आणि पाचशेला २८ मिलिमीटरचा मिकार्ब कंपनीचा कार्ब्युरेटर मूळचा. लहान इंजिनावर मोठा कार्ब्युरेटर चढवून ताकद वाढत नाही. कमी फेऱ्यांवर हवेचा वेग घटतो आणि गाडी अडखळते.

साधनांविषयी सांगायचे तर, पान्यांच्या संचाआधी व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घ्या. या इंजिनात ब्रिटिश मापाचे आटे आणि नंतरचे मेट्रिक आटे एकाच गाडीवर सापडतात, म्हणून आटे मोजण्याची फणीही हवी. टायमिंग बाजूला तेलपंप चालवणारा वर्म नट उलट्या आट्याचा असतो, हे माहीत नसताना जोर लावला तर शाफ्टचे नुकसान होते. बाजारातल्या नव्या भागांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत एकाच नावाचे तीन दर्जाचे भाग मिळतात आणि त्यांची मापे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. जुना मूळ भाग, थोडासा झिजलेला असला तरी, बऱ्याचदा अधिक विश्वासाचा असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी लेथवर काम करणाऱ्या चांगल्या कारागिराशी नाते जोडा, त्याला तोंडी माप न देता रेखाचित्र द्या, आणि प्रत्येक गाडीचे माप वहीत उतरवा. अभ्यासक्रम निवडताना मोटार मेकॅनिकबरोबर टर्नर किंवा फिटरचे शिक्षण घेतलेली मुले या कामात लवकर पुढे जातात, असे मी पाहिले आहे.

कायद्याची बाजू अंगावर काढण्यासारखी नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही. इंजिन बदलून नंबर बदलणार असेल, तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि साडेतीनशेची पाचशे करण्याचा विचारही त्या कार्यालयात आधी विचारल्याशिवाय करू नये. शिवाय २०२१मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांत ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका आहे आणि वाहन मूळ स्वरूपात असण्याची, इंजिन किंवा चॅसीमध्ये फेरफार झालेले नसण्याची अट आहे. त्यामुळे १९७० पूर्वीची बुलेट घेऊन येणाऱ्या ग्राहकाला मी ताकदवाढीचा सल्ला देत नाही. मूळ माप परत आणण्याचा देतो. मूळ क्रँककेस कापली की ती पुन्हा मिळत नाही.

जोडणी झाल्यावर गाडी सुरू करण्याआधी प्लग काढून किक मारत रॉकरला जाणाऱ्या तेलपाइपच्या बँजोपाशी (पाइपच्या टोकाच्या जोडापाशी) तेल येते का ते पाहावे, आणि येईपर्यंत इंजिन चालू करू नये. पहिल्या तापण्यानंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, हेडच्या नटांचा ताण ठरलेल्या क्रमाने पुन्हा तपासावा, मग टॅपेट पुन्हा लावावेत, आणि सुरुवातीचे तेल लवकर बदलून ते पांढऱ्या कापडावर गाळून पाहावे. त्या कापडावर लोखंडाचा चुरा दिसतो की ॲल्युमिनियमची चमक, यावरून पुढे कोणता भाग उघडायचा हे ठरते.