एकादशी आणि दुप्पट खाशी: डॉपेलबॉक चाखायला शिकताना

बिअर जजची (म्हणजे स्पर्धेत बिअर चाखून मार्क देणाऱ्याची) परीक्षा देतेय असं आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पिण्याची परीक्षा? त्यात नापास कोण होतं गं?" मी झाले ना! म्हणजे खऱ्या परीक्षेत नाही, सरावाच्या पेपरात, पण असली आपटले की सांगायची सोय नाही. म्युनिकमध्ये नोकरीला आल्यावर एका छोट्या ग्रुपमध्ये जायला लागले, तिथे एक रिटायर्ड ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवणारे उस्ताद, शिकवतात, मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणते. त्यांनी समोर काळपट तपकिरी बिअरचा ग्लास ठेवला आणि मी लगेच लिहून मोकळी, "कॉफी, डार्क चॉकलेट, किंचित जळका वास". आजोबांनी कागद वाचला, काही बोलले नाहीत, फक्त माझे डोळे मिटायला लावले आणि ग्लास परत नाकाखाली धरला. कॉफी कुठेच नव्हती. मी नाकाने नाही तर डोळ्यांनी वास घेतला होता.

ती बिअर होती डॉपेलबॉक, जर्मनीतली एक स्ट्राँग लागर (थंडीत आंबवून मुरवलेली बिअर). नवीन शिकणाऱ्यांनी याच बिअरपासून सुरुवात करावी असं माझं मत झालंय, कारण हिच्यात लपायला जागा नाही. हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) वास जवळपास नाही, यीस्टचा फळांसारखा वास नसावा, जे काय आहे ते माल्टचं, म्हणजे मोड आणून भाजलेल्या बार्लीचं.

थोडी गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय चव डोक्यात बसत नाही. म्युनिकमधले पाओलानेर पंथाचे साधू सतराव्या शतकापासून बिअर बनवायचे, १६३४ मध्ये गावातल्या ब्रूअर लोकांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केल्याची नोंद आहे. ईस्टरच्या आधीच्या उपवासात घन अन्न बंद, पण द्रवाने उपवास मोडत नाही, मग काय, बिअरच जाडजूड आणि पोटभरीची करा! आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, आणि गंमत म्हणजे डॉपेल या शब्दाचा अर्थच मुळी दुप्पट. (बिअर काही खरोखर दुप्पट स्ट्राँग नसते, साध्या बॉकपेक्षा, म्हणजे हिच्याच धाकट्या बहिणीपेक्षा, थोडी वरची एवढंच.) त्यांच्या बिअरचं नाव साल्वाटोर. पुढे सगळेच तेच नाव वापरायला लागले, मग १८९६ मध्ये ते ट्रेडमार्क झालं, आणि बाकीच्यांनी नुसतं शेपूट ठेवलं: सेलेब्रेटर, ऑप्टिमेटर, मॅक्सिमेटर, ट्रायम्फेटर. दुकानात बाटलीवर नावाच्या शेवटी "-ator" दिसलं की समजायचं. आजही उपवासाच्या त्याच दिवसांत इथे स्ट्राँग बिअरचा सीझन असतो आणि नॉकहरबर्ग नावाच्या म्युनिकमधल्या टेकडीवर स्टेजवरून पुढाऱ्यांची जाहीर टिंगल चालते, पुढारी समोर बसून हसतात. असो.

आता कामाचं. ज्यांच्या परीक्षेला मी बसले ती संस्था बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम), १९८५ पासूनची अमेरिकन. आधी ऑनलाइन प्रश्नोत्तरं, मग प्रत्यक्ष चाखण्याचा पेपर: ९० मिनिटं, ६ बिअर, म्हणजे एकीला १५ मिनिटं आणि त्यातच पानभर लिहायचं. शीट ५० मार्कांची: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला फील ५ आणि एकूण मत १०. दिसण्याला फक्त ३ बघा, आणि मी त्या ३ मार्कांच्या नादात वास आणि चवीचे ३२ घालवले होते!

डॉपेलबॉककडून त्यांची अपेक्षा काय तर अल्कोहोल ७ ते १० टक्के, कडूपणा कमी, १६ ते २६ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक). पण आकडे पाठ करून उपयोग नाही कारण त्यांच्याच उदाहरणांच्या यादीत असलेली आयिंगर सेलेब्रेटर ६.७ टक्क्यांची आहे. रंगावर तर बिलकुल जाऊ नका. साल्वाटोर ७.९ टक्के असून तांबूस आहे, सेलेब्रेटर अल्कोहोलने तिच्यापेक्षा हलकी असून गडद आणि उजेडात धरल्यावर कडेला माणकासारखी लाल, आणि फिकट सोनेरी डॉपेलबॉकसुद्धा असते.

वास घ्यायची पद्धत. ग्लासात ५०-६० मिली पुरे. वर तळहात झाकायचा, ग्लास दोनदा गोल फिरवायचा, हात काढून छोटे छोटे दोन-तीन हुंगे घ्यायचे आणि लगेच लिहायचं, कारण काही वास दहा सेकंदात उडून जातात. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं (त्या दिवशी अत्तर-परफ्यूम काही नको हे ओघानंच आलं). फ्रिजमधून काढल्याकाढल्या माझ्या ग्लासाला फक्त ओल्या पावाचा वास होता, वीसेक मिनिटांनी तोच ग्लास वेगळाच झाला, आधी भाकरीचा खरपूस पापुद्रा, मग मनुका, आणि त्याच्या मागे काहीतरी गडद गोड जे मला ओळखू येत होतं पण नाव सापडत नव्हतं. इंग्रजी यादीत टॉफी होती, मोलॅसिस होतं, लिहिलं पण पटेना. रात्री आईला वर्णन करून सांगितलं, गोड आहे पण साखरेसारखं नाही, थोडं भाजल्यासारखं, थोडं मातीसारखं. ती कोल्हापूरकडची. म्हणाली, "अगं, गुऱ्हाळावर काहीलीत रस आटत आला की येतो तो वास, काकवी!" बरोबर तोच!

त्या दिवसापासून माझी पद्धत ठरली की आधी वहीत स्वतःच्या स्वयंपाकघरातले शब्द लिहायचे आणि मग शीटवर त्यांची भाषा. यादीतला शब्द आधी वाचला की तोच वास यायला लागतो. आणि हे वास सारखे असणं हा योगायोग नाही, भाकरी तव्यावर लाल होते तेव्हा जी रिॲक्शन होते तीच म्युनिक माल्ट भट्टीत वाळवताना होते, आणि जुन्या पद्धतीत मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टच्या लगद्याचा) काही भाग वेगळा काढून उकळून परत ओततात त्याने आणखी थोडी. म्हणून पावाचा कडक पापुद्रा हवा, करपलेला नको. करपलेलं म्हणजे स्टाउटकडे, त्या काळ्या जळकट बिअरकडे, गाडी गेली.

पण घरचं नाक कधी घातही करतं. डायअसिटाइल नावाचा एक दोष आहे, लोण्यासारखा वास येतो. आता आपण विरजणाचं ताक घुसळून काढलेल्या लोण्यात वाढलेली माणसं, त्यात तोच पदार्थ असतो, आपल्याला तो वास म्हणजे सुखाचा! मी तीन आठवडे लोण्याच्या वासाच्या बिअरला भरभरून मार्क देत होते आणि आजोबा कपाळाला हात लावत होते. शेवटी साध्या लागर बिअरचे दोन ग्लास घेतले, एकात आजोबांनी त्याचा थेंब टाकला, आलटून पालटून हुंगले, तेव्हा कुठे डोक्यात गेलं की वास छान असला तरी इथे तो पाहुणा आहे. बाकीचे दोष सोपे गेले, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे डीएमएस, ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे बिअर हवेला लागून शिळी झाली.

चवीत सगळ्यांची एक चूक होते. वास काकवीचा म्हणून बिअर गोड असं लिहून टाकतात. घोट गिळल्यावर थांबा, दहापर्यंत मोजा. चांगली डॉपेलबॉक सुरुवातीला गोड, मधे भरदार आणि शेवटी गोडवा ओसरतो, जीभ चिकट राहत नाही. पाकातल्या गुलाबजामसारखं तोंड झालं तर यीस्टने काम अर्धवट सोडलंय. छातीत हलकी ऊब चालते पण घसा जळजळला तर तो दोष. (वाइनसारखं थुंकायचं नसतं बरं, कडूपणा गिळल्यावर नीट कळतो, म्हणून घोट लहान घ्या आणि गाडी घरी ठेवा. सहा सँपलनंतर मी ट्रेननेच जाते.)

आणि मार्क बरोबर देणं हा पेपराचा पाचातला एकच भाग आहे हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला काय काय जाणवलं, किती नेमकं वर्णन केलं, बनवणाऱ्याला काय सल्ला दिला, शीट पूर्ण भरली का, या प्रत्येकाला तेवढंच वजन. "छान आहे, आवडली" याला शून्य. "लोण्याचा वास मध्यम, फर्मेंटेशन (आंबणं) संपत आल्यावर दोन-तीन दिवस तापमान थोडं वाढवा, यीस्ट भरपूर आणि ताजं घ्या" असं लिहायचं. जळजळ असेल तर फर्मेंटेशन थंड ठेवा आणि नंतर थंडीत जास्त दिवस मुरू द्या, पुठ्ठा असेल तर बाटलीत भरताना हवा टाळा. असे दहा-बारा सल्ले तयार ठेवा, पेपरात सुचत नाहीत.

पुण्या-मुंबईत बसून तयारी करणाऱ्यांनी परदेशी बाटली घेताना तारीख बघा, उन्हातानातून फिरलेल्या जुन्या बाटलीत शेरी या वाइनसारखा वास येतो आणि तुम्ही तोच मूळचा वास समजून पाठ कराल. बाटली मिळालीच नाही तर छोट्या वाट्यांत काकवी, मनुका, खजूर, भाकरीचा लाल पापुद्रा, लोणी, उकडलेला मका आणि ओला पुठ्ठा घ्या, डोळे बांधा आणि घरच्या कुणाला तरी एकेक वाटी नाकाखाली धरायला सांगा. माझ्या भावाने यात गुपचूप हिंगाची डबी धरली होती, त्यानंतर तासभर सगळ्यालाच हिंगाचा वास येत होता.