गाठ कळल्यापासून ड्रेन निघेपर्यंत: या चुका टाळा

माझ्या स्तनातल्या गाठीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आमच्या रामबागेतल्या घरात नऊ माणसं जमली होती. जावेच्या भावाने मुंबईच्या कुणा डॉक्टरांचा नंबर दिला, समोरच्या काकूंनी काढ्याचं नाव काढलं, आणि सासूबाई गुपचूप सगळ्यांसाठी पोहे करायला उठल्या. इंदुरात सुखाला पोहे आणि दुःखालाही पोहेच. मी रिपोर्टातला ‘कार्सिनोमा’, म्हणजे कॅन्सर, हा एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते.

दोन वर्षं झाली त्याला. तेव्हा जे जे चुकलं ते बहुतेक एकाच जातीचं होतं. थांबायला हवं होतं तिथे आम्ही धावलो, आणि उठून निघायला हवं होतं तिथे बसून राहिलो.

“उद्याच काढून टाका”

सर्जनसमोर माझं पहिलं वाक्य हेच होतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये महिने घालवणं वाईट, पण तपासण्या पुऱ्या व्हायला आठ-पंधरा दिवस गेले तर बिघडत नाही. ते दिवस लागतात कारण बायॉप्सीच्या तुकड्यावर अजून एक तपासणी व्हायची असते: ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (त्या नावाचं प्रथिन गाठीत जास्त आहे का). हर-टूपुढे ‘२+’ लिहून आलं तर तो अधांतरी निकाल असतो, मग फिश नावाची वेगळी तपासणी करावी लागते. हे सगळं ऑपरेशनच्या आधी कळायला हवं, कारण काही प्रकारांत, विशेषतः गाठ मोठी असेल तर, आधी किमो आणि मग ऑपरेशन असा क्रम असतो. गाठ आधीच काढून टाकली की औषधाने ती किती विरघळते हे पाहायची संधी गेली ती गेलीच.

याहून मोठी चूक म्हणजे जाड सुईची बायॉप्सी न करता ‘गाठ काढूनच तपासू’ म्हणणं. ओळखीच्या एका मावशींचं असंच झालं आणि महिन्याभरात त्यांना पुन्हा टेबलावर जावं लागलं. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, या भीतीने लोक हे करतात. ती भीती खरी नाही.

‘पूर्ण स्तन काढला की काळजी मिटली’ हाही घाईचाच हिशेब. इटलीतले वेरोनेसी आणि अमेरिकेतले फिशर यांच्या दोन अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल २००२ साली छापून आले. फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायका पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या होत्या. प्रत्येकीला ते जमतंच असं नाही. गाठीचा आकार, जागा, संख्या यावर ठरतं. पण “माझा स्तन वाचवता येईल का?” हा प्रश्न लाजून गिळू नका. मी गिळला होता. सर्जननेच विषय काढला म्हणून निभावलं. मूल हवं असेल तर तोही प्रश्न किमोच्या आधीच विचारायचा, नंतर नाही.

फाइल अर्धवट नेणं

दुसरं मत घ्यायला आम्ही अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला टाटा मेमोरियलला गेलो. बरोबर सगळे रिपोर्ट, झेरॉक्सचे तीन संच, खजराना गणपतीचा अंगारा. नव्हते ते नेमके स्लाइड आणि ब्लॉक. स्लाइड म्हणजे गाठीचा पातळ काप लावलेली काच, ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्याच गाठीचा तुकडा. तो लॅबकडे असतो आणि अर्ज केला की मिळतो. मोठं हॉस्पिटल बाहेरच्या रिपोर्टवर न विसंबता तो तुकडा स्वतः पाहतं. तेवढ्यासाठी आमचे हे उलट्या पावली इंदूरला आले.

रेल्वेचं तिकीटही आम्ही पूर्ण पैसे देऊन काढलं होतं. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट तेवढं घ्यायचं. आयुष्मान कार्ड असेल तर भरती व्हायच्या आधीच दाखवा. मंजुरी आधी घ्यावी लागते, बिल झाल्यावर काही चालत नाही.

आणि हो, हळदीच्या कॅप्सूल, काढे, रक्त पातळ करायच्या गोळ्या, जे काही पोटात जातंय ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. मी काढा लपवला होता. भाजीतल्या हळदीबद्दल कुणी काही म्हणत नाही.

ड्रेन: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

डिस्चार्जच्या वेळी नर्सने पाच मिनिटांत समजावलं आणि आम्ही दोघांनी मान हलवली. घरी आल्यावर कुणालाच काही आठवेना. काखेखालून निघणारी एक नळी आणि तिच्या टोकाला दाबली की चपटी राहणारी डबी. ही डबी चपटी आहे म्हणजे ओढ चालू आहे. फुगलेली असेल तर ती नुसती लटकलेली डबी आहे, ड्रेन नव्हे. रिकामी करून झाली की ती दाबून धरायची आणि दाबलेली असतानाच झाकण लावायचं. आम्ही पहिले दोन दिवस झाकण लावून मग दाबत होतो.

मोजमाप रोज एकाच वेळी घ्या आणि लगेच लिहा. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब असतो, त्याच चौकोनात हे लिहायचे: ‘दूध १ लि., ड्रेन ९०.’ सुरुवातीला पाणी लालसर असतं, मग फिकट होत पिवळट होतं. चोवीस तासांत साधारण ३० मिलीपेक्षा कमी, असं लागोपाठ दोन दिवस आलं की बहुतेक सर्जन नळी काढतात. तुमच्या सर्जनचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा.

पाचव्या दिवशी आकडा ८५ वरून एकदम १० वर आला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सकाळी बघतो तर नळीभोवतीची पट्टी ओलीचिंब. नळीत रक्ताची गुठळी अडकली होती आणि पाणी बाजूने वाट काढत होतं. आकडा हळूहळू उतरला तर आनंद, धाडकन पडला तर आधी नळी बघायची. हात धुवून एका हाताने नळी कातडीजवळ घट्ट धरायची, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत चिमटून डबीकडे सरकवत आणायची. तेवढ्याने गुठळी सुटते. न सुटली तर हॉस्पिटलला फोन.

नळी निसटली तर आत ढकलू नका. स्वच्छ गॉज दाबून धरा आणि निघा. डबी लालभडक रक्ताने भराभर भरू लागली तर रात्र-पहाट बघू नका. नळी काढल्यावर काखेत पाण्याची पिशवी भरल्यासारखं वाटलं तर तो बहुधा सीरोमा. सर्जन ओपीडीत सुईने पाणी काढतात. त्यावर मालीश नको, शेक तर अजिबात नको. ऑपरेशननंतर काखेखालचा आणि दंडाच्या आतल्या बाजूचा भाग बधीर असतो, गरम पाण्याची पिशवी भाजतेय हे कळतच नाही. मला फोड आल्यावर कळलं.

ऑपरेशनमध्ये निळा रंग टोचून काखेतली पहिली लसीकाग्रंथी (कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो ती बारीक गाठ) शोधली असेल तर दिवस-दोन दिवस लघवी हिरवट होते. घाबरून भरल्या वॉर्डात आरडाओरडा करू नका. (एकीने केला. मीच ती.)

हात जपून ठेवणं

“अगं, हलवू नकोस हात, टाके तुटतील!” मायेनेच म्हणायच्या सासूबाई. मी तीन आठवडे हात पोटाशी धरून बसले आणि खांदा आखडला. सर्जनची परवानगी असेल तर मूठ उघडणं-मिटणं, कोपर वाकवणं, केस विंचरणं दुसऱ्याच दिवसापासून. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. नंतर भिंतीवर बोटं चढवत न्यायची आणि रोज पेन्सिलीने खूण करायची. माझी पहिली खूण लाइटच्या बटणांच्याही खाली होती. काखेपासून कोपरापर्यंत ताणलेली दोरी हाताला लागली तर ती शीर तुटलेली नसते. व्यायाम थांबवू नका, फिजिओथेरपिस्टना दाखवा.

काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या असतील तर हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो. तो ओळखायला टेप लागत नाही, बांगडी पुरते. रोजची बांगडी अडकायला लागली, अंगठी रुतायला लागली की वाट न बघता दाखवायचं. सुरुवातीला सूज आवरते. हात लाल, गरम आणि अंगात ताप, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा वर, जखमेतून पू, पोटरी दुखून सुजणं, एकाएकी धाप लागणं, यातलं काहीही ‘उद्या सकाळी बघू’वर ढकलू नका.

सगळे गेल्यानंतरचे दिवस

पहिले पंधरा दिवस गर्दी असते, फोन असतात. आम्ही फोन नणंदेकडे दिला आणि भेटायची वेळ पाच ते सहा ठेवली. लोक रुसले, मग सवय झाली. मला रडू आलं ते ड्रेन निघाल्यावर, घर शांत झाल्यावर. तेव्हा झोप उडाली असेल तर डॉक्टरांना सांगायला कमीपणा नाही. फक्त टॅमॉक्सिफेन (हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरची गोळी) चालू असेल तर मानसोपचार डॉक्टरांना ते नाव आधी सांगा; फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिनसारख्या गोळ्यांनी त्याचा असर कमी होऊ शकतो.

स्कूटी कधी चालवायची, हे सगळ्या बायका विचारतात. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, आणि हँडल पूर्ण वळवून ब्रेक करकचून दाबताना छातीत कळ येत नसेल तेव्हा. मी रोज सकाळी अंगणात बंद स्कूटीवर बसून हे करून बघायचे. शेजारच्या मुलाला वाटायचं, काकूंची किल्ली हरवलीये.