७८०५ तापतोय? आयसी बदलायच्या आधी गुणाकार करा

निफाडच्या मामेभावाच्या द्राक्षबागेत ड्रिपचे चार व्हॉल्व्ह चालवायला मी एक बोर्ड बनवून दिला होता, अर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), चार रिलेचं (कॉइलने ओढले जाणारे स्विच) मॉड्यूल, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, मोठा कपॅसिटर आणि ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी ७८०५. घरी टेबलावर अर्धा तास मस्त चालला. बागेत लावला आणि दहा मिनिटात बंद. थोडा वेळ थांबलं की परत चालू, परत बंद. खरड छाटणी झालेली, एप्रिलचं ऊन, नव्या फुटीला पाणी हवं आणि व्हॉल्व्ह उघडत नाहीत. मी एमजी रोडवरून नवीन ७८०५ आणून बदलला, तोही तसाच, मग वाटलं माल डुप्लिकेट आहे म्हणून दुसऱ्या दुकानातून तिसरा आणला. तोही तसाच तापला. तिन्ही आयसी चांगले होते, त्यांच्याकडून जे काम करून घेत होतो तेच चुकीचं होतं.

म्हणून आधी हे बघा की तापायला किती वेळ लागतो. पॉवर दिल्यावर दोन-तीन सेकंदात बोट टेकवत नाही एवढा तापला तर बहुतेक शॉर्ट आहे किंवा काहीतरी उलटं लागलंय, लगेच बंद करा. पाच-दहा मिनिटं घेऊन तापतोय, बंद पडतोय, गार झाला की परत चालतोय, तर ते आतलं थर्मल शटडाउन आहे, आयसी स्वतःला वाचवतोय.

लगेच तापणाऱ्याचं आधी सांगतो. पॉवर काढा, कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या, मग आउटपुट आणि ग्राउंडमध्ये मीटरने ओहम बघा. जवळजवळ शून्य आलं तर सोल्डरचा ब्रिज, उलटा लागलेला इलेक्ट्रोलायटिक किंवा गेलेला मॉड्यूल शोधा, एकेक लोड सोडवत जा, कुठला काढल्यावर रीडिंग वर जातं तिथे दुखणं. आणि आयसीवरचा नंबर नीट वाचा. ७८०५ ची लिहिलेली बाजू समोर धरली की डावीकडे इनपुट, मधे ग्राउंड, उजवीकडे आउटपुट. ७९०५ आणि एलएम३१७ दिसायला अगदी तसेच पण त्यांच्या पिना वेगळ्या, डब्यात मिसळले की हमखास घोळ होतो.

आता हळूहळू तापणारा, आपल्याकडे जास्त करून हाच असतो. ७८०५ म्हणजे लिनिअर रेग्युलेटर, वरचे जास्तीचे व्होल्ट तो उष्णता करून फेकतो, दुसरं काहीच करत नाही. किती उष्णता ते इनपुटमधून आउटपुट वजा करून करंटने गुणलं की मिळतं. त्यासाठी दोनच गोष्टी मोजायच्या. लोड चालू असताना आयसीच्या इनपुट पिनवर व्होल्ट मोजा, ट्रान्सफॉर्मरवर १२ लिहिलंय म्हणून १२ धरू नका, ते एसीचे असतात, ब्रिज आणि कपॅसिटरनंतर डीसी १५-१६ होतात, लोड कमी असेल तर अजून जास्त. माझ्याकडे १६ आले. मग करंट, लाल प्रोब १० अँपिअरच्या होलमध्ये आणि मीटर इनपुटच्या वायरला सिरीजमध्ये. माझा आला ३३० मिलीअँपिअर. (झालं की प्रोब लगेच व्होल्टच्या होलमध्ये परत घाला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि मीटरनेच शॉर्ट कराल. आणि ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला पॉवर चालू असताना हात नाही.)

१६ वजा ५ म्हणजे ११, गुणिले ०.३३, ३.६ वॅट. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) नसलेला ७८०५ दर वॅटला साधारण ६५ डिग्री चढतो. म्हणजे २३० च्या वर, शिवाय उन्हात बंद डब्यातली हवा ५० ची. आत १२५ च्या खाली राहायला हवं. हिशोबातल्या २८० पर्यंत तो पोचणारच नाही, आधीच बंद पडणार.

मग ३३० कशाला लागतायत हे बघत बसलो तेव्हा दिसलं की सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत तरी मॉड्यूलवरचे चारही लाल दिवे चालू! हे मॉड्यूल नॅनोची पिन लो (शून्य व्होल्ट) झाली की रिले ओढतं, आणि मी व्हॉल्व्ह एनसी कॉन्टॅक्टवर (रिले ओढला की तुटणाऱ्या) जोडले होते, त्यामुळे बागेला पाणी नसताना चारही कॉइल दिवसभर ओढलेल्या. एकेक कॉइल सत्तरच्या वर मिलीअँपिअर खाते. वायर एनओवर (रिले ओढला की जुळणाऱ्या कॉन्टॅक्टवर) घेतल्या, कोड उलटा केला, एका वेळी एकच व्हॉल्व्ह. करंट १०५ वर आला, म्हणजे १.१५ वॅट. तरी ६५ ने ७५ डिग्री आणि डब्याचे ५०, बरोब्बर १२५. मग छोटा यू आकाराचा हीटसिंक पेस्ट लावून स्क्रूने बसवला, आयसीच्या आतलं धरून दर वॅटला २५ च्या आसपास, म्हणजे आत ८० च्या जवळपास. हा चालतो.

तुमचा करंट खरंच जास्त लागत असेल तर हीटसिंक मोठा करत बसू नका. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा सरळ एलएम२५९६ चा बक (स्विचिंगने व्होल्ट उतरवणारा) मॉड्यूल लावा, तो जास्तीचे व्होल्ट जाळत नाही. फक्त बोर्डला जोडायच्या आधी मीटर लावून त्याचा स्क्रू फिरवत ५ व्होल्ट सेट करा, न बघता जोडला तर नॅनो जाईल.

दोन गोष्टी राहिल्या. हिशोब जुळतो पण तरी जास्त तापतोय तर कपॅसिटर बघा, इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड पिनांच्या अगदी जवळ हवेत, लांब असले की आयसी ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुट स्थिर न राहता वेगाने वरखाली होतं. आणि ३.३ व्होल्टचा एएमएस१११७ रेग्युलेटर असेल तर त्याचा टॅब (मागची धातूची पट्टी) ग्राउंड नसतो, आउटपुट असतो, पत्र्याच्या डब्याला टेकवला की शॉर्ट. ७८०५ चा टॅब ग्राउंडच असतो.

शेवटी टेस्ट घरच्या पंख्याखाली नाही. झाकण लावून, डबा जिथे लागणार तिथेच, दुपारी दोन वाजता, एक व्हॉल्व्ह चालू ठेवून तासभर. मी ते केलं, तासाने आउटपुटला ४.९८ व्होल्ट होते, आणि मामेभाऊ दुसऱ्या प्लॉटचं पाणी बघायला निघून गेला.