तीन वेधशाळांच्या नोंदींवरून भूकंपाचे अपिकेंद्र कसे काढावे

भ्रंशावरचा, म्हणजे जमिनीतल्या भेगेवरचा, खडक सरकला की भूकंपनाभीतून, म्हणजे भूकंप जिथे सुरू होतो त्या जमिनीखालच्या बिंदूतून, दोन लहरी एकाच क्षणी निघतात. नाभीच्या थेट वर जमिनीवरचा बिंदू म्हणजे अपिकेंद्र. पुढे धावते ती पी, खडक दाबत आणि ताणत जाणारी. मागून एस येते, खडक आडवा हलवत. कोयनेच्या परिसरातल्या पृथ्वीच्या कवचात पीचा वेग सेकंदाला साधारण ६ किलोमीटर आणि एसचा ३.५ धरता येतो. त्यावरून सोपे सूत्र निघते: दोघींच्या येण्यातला फरक सेकंदांत मोजा आणि ८.४ ने गुणा (६ × ३.५ ÷ २.५). आले ते वेधशाळेपासून नाभीपर्यंतचे अंतर, किलोमीटरमध्ये. फरकच मोजायचा असल्याने वेधशाळेचे घड्याळ चार सेकंद पुढे असले तरी अंतर बिघडत नाही.

सगळे कसब लहर ओळखण्यात आहे. पी उभ्या घटकावर, म्हणजे जमिनीच्या वर-खाली हालचालीच्या नोंदीत, शोधा. रेघ शांत पट्ट्यातून पहिल्यांदा वर किंवा खाली सुटते तोच क्षण घ्यायचा. एससाठी आडवे दोन घटक, म्हणजे आडव्या हालचालीच्या दोन नोंदी, उघडा. तिथे उंची वाढते आणि लाटा जरा रुंद होतात. बहुतेक चुका इथेच होतात, कारण नजर सर्वांत उंच टोकाकडे जाते आणि एसची सुरुवात त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. एसमध्ये एका सेकंदाची चूक म्हणजे नकाशावर ८ किलोमीटरची चूक. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या लाटांमुळे रेघ संथपणे डुलत असते. १ हर्ट्झच्या खालची, म्हणजे सेकंदाला एकाहून कमी, आंदोलने गाळली की नोंद स्वच्छ होते. पण गाळणीमुळे सुरुवातीची वेळ थोडी सरकू शकते, म्हणून मूळ नोंदीत पी दिसत असेल तर वेळ तिथूनच घ्या.

सरावासाठी हे आकडे घ्या. पहिल्या वेधशाळेत पी १०:१४:०७.० ला आणि एस ५ सेकंदांनी. दुसरीत पी १०:१४:१५.४ ला, एस ११ सेकंदांनी. तिसरीत पी १०:१४:२४.५ ला, एस १७.५ सेकंदांनी. अंतरे ४२, ९२ आणि १४७ किलोमीटर. १ सेंटीमीटरला १० किलोमीटर असलेल्या नकाशावर कंपास ४.२, ९.२ आणि १४.७ सेंटीमीटरला लावून त्या त्या वेधशाळेभोवती वर्तुळे काढा.

वर्तुळे काढण्याआधी एक पडताळणी मात्र चुकवू नका. फरकाला १.४ ने गुणून पीच्या वेळेतून वजा केले की भूकंप घडल्याची वेळ मिळते. वरच्या तिन्ही नोंदी १०:१४:००.० देतात. तिसऱ्या वेधशाळेत एस दोन सेकंद उशिरा वाचली असती, तर तिथे १०:१३:५७.२ आले असते आणि कोणती नोंद पुन्हा बघायची ते लगेच कळले असते. या पडताळणीला मात्र घड्याळे बरोबर लागतात.

वर्तुळे एका बिंदूत भेटली नाहीत, मध्ये छोटा त्रिकोण उरला, तर घाबरू नका. आपण मोजले ते जमिनीखालच्या नाभीपर्यंतचे तिरपे अंतर. प्रत्येक दोन वर्तुळांच्या छेदबिंदूंना जोडणारी सरळ रेघ ओढा. अशा तीन रेघा जिथे मिळतात ते अपिकेंद्र. खोलीचा परिणाम जवळच्या वेधशाळेत जास्त जाणवतो: फरक २ सेकंद असेल तर तिरपे अंतर १६.८ किलोमीटर, आणि नाभी १० किलोमीटर खोल असेल तर नकाशावर ते १३.५ च भरते. दूरच्या वेधशाळेत हा फरक नगण्य.

तिन्ही वेधशाळा भूकंपाच्या एकाच बाजूला असतील तर वर्तुळे एकमेकांना घासून जातात आणि छेदबिंदू धूसर होतो. शक्य तितक्या वेगवेगळ्या दिशांच्या वेधशाळा निवडा. शिवाय साधारण दोनशे किलोमीटरच्या पुढे ८.४ वापरू नका. तिथे कवचाच्या तळाखालून, सेकंदाला ८ किलोमीटरच्या आसपास वेगाने आलेली पी आधी पोहोचते आणि सूत्र मोडते.

नोंदी जुळवताना वेळ कोणती आहे तेही बघा. ६.३ तीव्रतेचा कोयनेचा भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४:२१ ला झाला. जागतिक वेळेत ती १० डिसेंबरची रात्र, २२:५१. एक नोंद भारतीय वेळेत आणि दुसरी जागतिक वेळेत राहिली, तर पडताळणीत साडेपाच तासांचा फरक निघेल. सगळ्या नोंदी आधी जागतिक वेळेत आणा.