एरर मेसेजमध्ये आधी पैशांचं सांगा

दादर स्टेशनबाहेर उभं राहून कुणी मोबाइलवर लोकलचं तिकीट काढतंय आणि स्क्रीनवर येतं, 'व्यवहार अयशस्वी. एरर ५०४.' त्याच्या मनात एकच प्रश्न: पैसे गेले का? मेसेजचं पहिलं वाक्य त्याबद्दलच हवं. ५०४ म्हणजे पलीकडच्या सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही. पैसे कापले गेले असतीलही. तिथे 'पेमेंट झालं नाही' लिहिलंत, तर माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो. त्याऐवजी लिहा: 'बँकेकडून अजून उत्तर आलेलं नाही. लगेच पुन्हा पैसे भरू नका. तिकीट निघालं का, ते "माझी तिकिटं"मध्ये पाहा.' कोड तळाशी, बारीक अक्षरात आणि कॉपी करता येईल असा. तो मदत केंद्राच्या कामाचा.

फॉर्ममधली चूक त्या रकान्याखालीच दाखवा. 'अवैध इनपुट' यातून काहीच कळत नाही. 'मोबाइल नंबर १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक टाकलेत' हे कळतं. सुरुवातीचं +९१ किंवा मधली मोकळी जागा मात्र प्रोग्रॅमनेच काढावी, त्यासाठी माणसाला अडवू नये. आणि कृपा करून, चूक एका रकान्यात असताना भरलेला अख्खा फॉर्म पुसू नका. 'क्षमस्व' एकदाच, तेही चूक आपली असेल तेव्हा.