खडकावर रात्रभर गळ टाकायचाय? मग रॉडच्या आधी तिथी बघा

कोल्हापुरात पंचगंगेला गळ टाकणारी आपली पोरं पहिल्यांदा समुद्रावर निघाली की रॉड, रीळ, तंबू, चटणी-भाकरी सगळं गोळा करतात आणि पाण्याचं टायमिंग तेवढं कोण बघत नाही. नदी पावसाळा सोडला तर जाग्यावर असते, समुद्र सहा-सव्वासहा तासांनी चढतो नाहीतर उतरतो, आणि संध्याकाळी ज्या खडकावर तुम्ही कोरडे चालत गेला तो रात्री बेट झालेला असतो. म्हणून घरातलं कॅलेंडर काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ठोकळ वेळ निघते, म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती, तासभर पुढंमागं धरायचं आणि पक्की वेळ गावातल्या कोळ्याला नाहीतर भरतीच्या ॲपला विचारायची.

नवख्यांनी शुद्ध सप्तमी ते नवमी हेच दिवस धरावेत असं माझं स्पष्ट मत आहे. एकतर तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी जोराची, पाणी उधाणासारखं अंगावर येत नाही. दुसरं म्हणजे अंधार पडताना भरती, मध्यरात्री ओहोटी आणि पहाटे परत भरती, म्हणजे माशाच्या दोन्ही वेळा गाठता येतात आणि मधे झोप मिळते. वर मध्यरात्रीपर्यंत अर्धा चंद्र असतोय. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मासा जास्त लागतो म्हणतात, लागू दे, ते सरावलेल्यांसाठी.

सीझन ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खडकावर जायचंच नाही, विषय संपला. रस्ता गगनबावड्यावरून करूळ घाट, तळेरे, तिथनं विजयदुर्ग नाहीतर देवगड, किंवा आंबा घाटानं रत्नागिरी. घाट चालू आहे का ते निघायच्या आधी विचारून घ्या. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथं गळ काढू नका. आणि दिवस असतानाच पोचा, कारण जागा उजेडातच कळते.

जागा कशी बघायची? खडक खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली कालवं, म्हणजे शिंपले, चिकटलेली असतात, ब्लेडसारखी, हात टेकला की कापलाच. त्याच्यावर काळपट, बुळबुळीत शेवाळाचा पट्टा, तिथं पाय ठेवायचा नाही. मग बारक्या गोगलगायी आणि त्याच्यावर कोरडा कातळ. गळ टाकायला या कोरड्यावर उभं राहायचं, पण आधी लांब बसून अर्धा तास लाटा बघायच्या, कारण दहा-वीस लाटा गप येतात आणि मग एखादी दांडगी येते, ती कुठवर चढते त्याच्या वर तुमचे पाय पाहिजेत. समुद्राकडं पाठ कधीच नाही. तंबू त्याच्याही वर, जिथं गवत उगवलंय तिथं. जांभ्यात खुंट्या शिरत नाहीत, म्हणून दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. वरची आंब्याची कलमं कुणाच्यातरी मालकीची असतात, विचारल्याशिवाय आत शिरू नका. शेकोटी तर अजिबात नको, सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळ माळावरचं, वाळलं गवत एका ठिणगीत पेटतंय, बारका गॅस न्या.

सामान साधंच. दहा-बारा फुटी रॉड, जाडसर तंगूस (गळाची नायलॉन दोरी), आमिषाला ताजी कोळंबी, तारली नाहीतर माकूल (स्क्विड). खडकात वजन अडकतंच, म्हणून महागडं शिसं घेऊ नका, उद्यमनगरातल्या गॅरेजमधनं जुने स्पार्क प्लग आणि नट मागून आणा, आणि ते मेन लाईनपेक्षा हलक्या तंगुसानं बांधा, म्हणजे अडकलं तर तेवढं तुटतं आणि गळ, मासा दोन्ही हातात राहतात. दिवसभर समुद्राकडनं खारा वारा तोंडावर असतो, रात्री तो पडून जमिनीकडनं मतलई सुटतो, म्हणजे वारा पाठीशी, त्यामुळं तेव्हा गळ आपोआप लांब जातो. तांबोशी नाहीतर गोबरा मासा लागला तर ढील देऊ नका, तो सरळ कपारीत घुसतो आणि मग तंगूस घासून तुटतो.

आता भीतीचं. देवगड-रत्नागिरीच्या कातळात फुरसं भरपूर आणि लाल विंचू पण, त्यामुळं टॉर्चशिवाय पाऊल नाही, दगडाखाली हात नाही, बूट झटकूनच घालायचे. चावलंच तर चिरायचं-चोखायचं-आवळून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, सरळ ग्रामीण रुग्णालय. शिंगाळा माशाचा काटा किंवा पाकट माशाची नांगी लागली तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, ठणका उतरतो, मग डॉक्टर. केंड मासा लागला, फुगला, की सोडून द्या, तो खायचा नसतो. एकटं जायचं नाही, लाईफ जॅकेट घालायचं, गावात कुणालातरी सांगून जायचं आणि ११२ सोबत तटरक्षक दलाचा १५५४ नंबर फोनमध्ये ठेवायचा, खडकाखाली रेंज मिळतेच असं नाही म्हणून रेंज कुठं येते ते पण दिवसाच बघून ठेवा.

मासा तिथंच साफ करा, पण घाण तंबूपासनं लांब, नाहीतर रात्रभर कुत्री आणि कोल्ही. तुटलेला तंगूस मात्र गोळा करून परत आणा, त्यात पक्षी आणि कासवं अडकतात. कोल्हापूरपर्यंत चार तास तरी जातात, बर्फ तळेऱ्याच्या आधीच भरा, थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मधे मासा, वर बर्फ आणि वितळलेलं पाणी काढत राहायचं.